दारापासून आत

आमच्या घरात दुरुस्तीचा एक नियम आहे: काम दारापासून आत. सासऱ्यांनी घालून दिलेला. पाहुण्याची नजर आधी जिथे पडते तिथून सुरुवात करायची आणि मग मागे सरकत जायचं. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण दार, हॉल आणि मधली खोली होईपर्यंत दाराचं पॉलिश गेलेलं असतं, आणि मग येरे माझ्या मागल्या. मी या घरात आल्यापासून हॉलने पिस्ता, गुलाबी, हस्तिदंती असे सगळे रंग अंगाला लावून घेतले. स्वयंपाकघर आणि त्याच्या मागचं न्हाणीघर, संडास मात्र मी आले तेव्हा होतं तसंच आहे. सासरे गेले, नियम मागे ठेवून गेले.

मी वीज कंपनीत तक्रार खिडकीवर बसते. दिवसभर लोक माझ्यावर ओरडतात आणि बऱ्याचदा त्यांचं काम होतं. घरी मी ओरडले की नवरा म्हणतो, ऑफिसचा राग घरी आणू नकोस.

स्वयंपाकघरातून संडासाकडे जायला दोन पायऱ्या उतराव्या लागतात. उंच, झिजून गुळगुळीत झालेल्या, आणि धरायला काही नाही. पावसाळ्याच्या आधी सासूबाई तिथे घसरल्या. त्यांनी हात धुवायचा नळ धरला, तर नळच हातात आला. भिंतीतून पाण्याची धार उडाली, सासूबाई नखशिखान्त भिजल्या आणि घरभर हशा पिकला. त्याही हसल्या. "आईने नळ उपटला" ही गोष्ट नवऱ्याने येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला हॉलमध्ये बसवून सांगितली. नळ नवीन आला. पायऱ्या त्याच राहिल्या.

त्यानंतर सासूबाईंना लघवीची जळजळ सुरू झाली. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, बरं वाटलं, पुन्हा तेच. पाणी भरपूर पिता ना, असं त्यांनी विचारलं, तर सासूबाई म्हणाल्या, "पिते की, तांबेच्या तांबे." मीच तर तो तांब्या रोज भरून त्यांच्या उशाशी ठेवत होते आणि रोज रिकामा उचलत होते. मला शंका घ्यायचं कारणच नव्हतं.

त्यांच्या खिडकीत एक वेल आहे, कुंडीतला. यंदा तो असा माजला की गजातून बाहेर गेला. नवरा त्याचं कौतुक करून थकत नव्हता. मी शुक्रवारी कुंडीखालची बशी पुसायला उचलली तर ती काठोकाठ भरलेली. मागे वळून पाहिलं. सासूबाई पलंगावर बसून माझ्याकडेच बघत होत्या, आणि तांब्या रिकामा होता.

"कुणाला सांगू नकोस," एवढंच त्या म्हणाल्या.

मी दोन दिवस मूग गिळून गप्प बसले. माझ्या स्वभावाला ते काही मानवत नाही.

रविवारी नवऱ्याने जेवणाच्या टेबलावर छताचे नमुने मांडले. आता काय करायचं यावर बैठक. आमच्या घरात अशी बैठक होते आणि तिचा निकाल आधीच लागलेला असतो. हॉलला खोटं छत, त्यात लपवलेले दिवे. त्याच्या ऑफिसातल्या कुणीतरी केलं होतं म्हणे, माणूस नुसता बघत राहतो. मी म्हटलं, आधी मागच्या पायऱ्या आणि संडास. तो म्हणाला, मागचं करायचंच आहे, नाही कोण म्हणतंय, छत झालं की लगेच. हे 'लगेच' मी इतकी वर्षं ऐकते आहे की आता त्यालाही पॉलिश करायची वेळ आली आहे.

मग त्याने आईचं मत विचारलं. म्हणजे आईला माझ्या अंगावर घातलं.

"हॉलचंच करा," सासूबाई खाली बघत म्हणाल्या. "ह्यांचा नियम आहे तसा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्यांच्या खोलीत गेले, कुंडी बशीसकट उचलली आणि आणून त्या नमुन्यांवर ठेवली. बशीतलं पाणी हिंदकळून सगळ्या पांढऱ्या तुकड्यांवर पसरलं.

"तुम्हाला हा वेल फार आवडतो ना? याला मी पाणी घालत नाही. तुम्हीही घालत नाही. आई घालतात, स्वतःच्या वाटचं. प्यायलं की पायऱ्या उतराव्या लागतात म्हणून."

नवऱ्याचा चेहरा पडला. सासूबाई मात्र माझ्यावरच भडकल्या. तुला सांगितलं होतं ना, माझं मी बघेन, मला तहानच लागत नाही, असं बरंच बोलल्या. ओठ कोरडे पडलेले, आणि आवाज केवढा! मला त्यांचाही राग आला. एवढं सोसायचं आणि वर नियमाची राखण करायची.

नवऱ्याने कुंडी बाजूला सरकवली. मग फडक्याने नमुने पुसत म्हणाला, "मिस्त्रींना आज छताच्या मापासाठी बोलावलंय. तेवढं होऊ दे. मग लगेच मागचं."

मी खणातून स्क्रू-ड्रायव्हर काढला. पुढच्या दारावरची नावाची पितळी पाटी काढली, दाराला आतून कुलूप घातलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. मागच्या बोळात उघडणारं एक दार आहे, कचरा टाकायच्या कामाचं. पाटी त्याच्यावर ठोकली. वाकडी बसली, बसू दे. नवरा मागोमाग येऊन विचारत होता, वेड लागलंय का, लोक काय म्हणतील.

"लोकांना आता इथूनच येऊ दे," मी म्हटलं. "बघू दे त्यांना काय बघायचं ते."

मिस्त्री आले ते पुढचं दार वाजवून दमले आणि माझ्या हाका ऐकून बोळातून आले. संडासावरून, त्या नळावरून, भिंतीला हात टेकत पायऱ्या चढून स्वयंपाकघरात. आमच्या हॉलची सगळी कामं तेच करतात, पण इतक्या वर्षांत त्यांनी हा भाग पाहिलाच नव्हता. त्यांनी एकदा मागे वळून पायऱ्यांकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. माप कुठून घ्यायचं, त्यांनी विचारलं.

नवऱ्याने तोंड उघडलं. पण त्याच्या आधी सासूबाई काठी टेकत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आल्या होत्या. बोळाचं दार आत उघडलेलं होतं, त्यावरची वाकडी पाटी तिथून दिसत होती. त्यांनी ती नीट पाहून घेतली. मग काठी उचलून पायऱ्यांवर रोखली.

"दारापासून आत," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे तसंच असतं."

मिस्त्रींनी टेप काढली आणि पहिल्या पायरीवर बसले. नवऱ्याने टेपचं दुसरं टोक धरलं.

सासूबाई खुर्ची ओढून टेबलाशी बसल्या. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, राग अजून तसाच होता.

"पाणी दे," त्या म्हणाल्या. "आणि ती कुंडी उचल इथून."