शांत मुलगी

पंचवटीतल्या भाजीबाजारामागच्या गल्लीत विठाबाईंचं घर. बाजारासाठी कोथिंबीर-मेथीच्या जुड्या बांधत त्या दुपारभर ओसरीवर बसत आणि नातवाला, स्वराजला, काऊ-चिऊच्या गोष्टी सांगत. त्याची जुळी बहीण तेजल आतल्या खोलीत, आधी झोळीत, मग कोपऱ्यातल्या चटईवर. जुळ्यांतली मुलगी भावाची अक्कल ओढून घेते, तिच्याशी बोलायचं नाही, असा विठाबाईंच्या माहेरचा रिवाज. रडली की "गप", हसली तरी "गप". तिच्या वाट्याला एवढाच शब्द आला.

सून मनाली गंगापूर रोडवर कपड्यांच्या दुकानात दिवसभर उभी राहून घरी येई, तेव्हा तिच्यात त्राण नसे. लेक किरकिर करत नाही याचंच तिला कौतुक. आमची तेजल भारी शांत, असं दुकानात मिरवायचीसुद्धा.

तीन वर्षांची झाली तरी पोर बोलेना, तेव्हा मनाली आणि तिचा नवरा प्रफुल्ल तिला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले. कान ठीक निघाले. बाईंनी विचारलं, घरात हिच्याशी दिवसभर बोलतं कोण? आईच्या माहेरी जुळ्यांतल्या मुलीशी बोलत नाहीत, प्रफुल्ल फरशीकडे बघत म्हणाला. लहान मुलाचा मेंदू बोलण्यावर आणि खेळण्यावर वाढतो, बाई म्हणाल्या, तुम्ही हिला तीन वर्षं उपाशी ठेवलंत. मनालीच्या अंगाची आग झाली. निम्मी आग स्वतःवरच होती.

तिने दुकानातून पंधरा दिवसांची रजा घेतली आणि सासूशी बोलणं बंद केलं. प्रफुल्ललाही बजावलं. शरमेने तोही गप्प राहिला. ताट पुढे यायचं, शब्द यायचा नाही. स्वराज आजीकडे धावला की मनाली त्याला उचलून आत आणायची आणि दोन्ही लेकरांसमोर वाट्या-चमचे मांडून बडबडत बसायची. चौथ्या दिवशी विठाबाई मेथीच्या ढिगाशी बोलू लागल्या. ते ऐकून मनालीला बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, फार बरं वाटलं.

आठव्या दिवशी म्हातारीने सुनेचा पदर धरला. "मनाली, शिव्या दे, पन बोल गं. डोकं फिरायची येळ आली हाय माझी."

"आठच दिवस झालेत, आई. तिने तीन वर्षं काढली," मनाली म्हणाली. "तेजलशी बोला. ती बोलली की मी बोलेन."

दुसऱ्या दिवसापासून विठाबाई नातीला समोर घेऊन बसू लागल्या. ही मेथी, ही कोथिंबीर, हा माझा हात, हे तुझं नाक. आधी नाइलाजाने, मग खरंच जीव लावून. तेजल नुसती बघायची. रजेच्या शेवटच्या दुपारी विठाबाईंनी जुडी तिच्या हातात दिली. "म्हन बाय, मेथी."

तेजलने जुडी खाली ठेवली. इवलंसं बोट आजीच्या ओठांवर टेकवलं आणि अगदी स्पष्ट म्हणाली, "गप."

विठाबाईंचा चेहरा पांढरा पडला. तो तसा पडलेला बघायला मनाली पंधरा दिवस टपून बसली होती. आता दिसत होता, आणि तिला तो बघवेना. लेकीचा पहिला शब्द "आई" नव्हता. तो घरातल्या सगळ्यांनी मिळून शिकवला होता, तिनेही.

थोड्या वेळाने ती सासूशेजारी खाली बसली आणि तेजलसमोर दुसरी जुडी धरली.