मंगळवारचा सहावा तास

यल्लाप्पाच्या बाराव्यानंतर पाच दिवसांनी उपेंद्र मास्तर वडगावला निघाले. पत्नी वसुधाताईंनी दारातच अडवलं.

"तुम्हाला कुणी बोललं का?"

"कोणीच बोललं नाही. म्हणूनच जायला हवं."

मास्तरांनी बेळगावात तीस वर्षं गणित शिकवलं होतं. पंचांगाचा नाद वडिलांकडून आलेला. निवृत्तीनंतर लोक फोन करून वेळ विचारायचे, मास्तर होरा, म्हणजे तो तास कुठल्या ग्रहाचा ते, बघून सांगायचे. दक्षिणा कधी घेतली नाही. आपला शब्द लोक मानतात, एवढ्यावरच ते खूष असत.

त्या मंगळवारी साडेअकराला मालुबाईचा फोन आला होता. मालुबाई आणि यल्लाप्पा वडगावात घरातच माग चालवायचे, त्यांचा मुलगा सूरज मास्तरांच्या हाताखाली शिकलेला. "ह्यांच्या छातीत सकाळधरनं जळजळायलंय. दवाखान्यात न्ह्यावं म्हणतो. आत्ता निघू काय?" मास्तर जेवायला बसत होते. पित्त असेल असं त्यांना वाटलं. बोटांवर मोजून ते म्हणाले, "आत्ता शनीचा होरा लागलाय. साडेबाराला गुरूचा लागेल, तेव्हा निघा."

बारा वाजून दहा मिनिटांनी यल्लाप्पा मागाशेजारी कोसळला. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

मास्तर पोचले तेव्हा मालुबाई सोप्यात बसली होती. माग बंद होता, त्यावर अर्धं लुगडं तसंच ताणलेलं. तिनं उठून पाट दिला, पाणी दिलं.

"मालुबाई, मी चुकलो," मास्तर म्हणाले. हे वाक्य त्यांनी वाटभर घोकलं होतं.

"तुम्ही काय केलासा मास्तर? शनीची येळ व्हती. आमचं नशीब."

तिनं असं म्हणावं, हेच त्यांना सोसेना.

"शनीची वेळ म्हणजे काय ते ऐका. जुन्या लोकांनी आकाशात फिरणारे सात जण बघितले. सगळ्यांत सावकाश शनी, मग गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, आणि सगळ्यांत जलद चंद्र. दिवसाचे चोवीस तास त्यांनी ह्या सातांना ओळीनं वाटून दिले. उजाडताना पहिला तास ज्याचा, त्याचंच नाव त्या दिवसाला. शनिवारपासून चोवीस तास मोजले की पंचविसावा रवीच्या वाट्याला येतो, म्हणून दुसऱ्या दिवशी रविवार. मंगळवारचा सहावा तास शनीचा येतो, तो असाच. ही मोजणी आहे, मालुबाई. मी पोरांना फळ्यावर करून दाखवायचो."

मालुबाई जरा पुढं सरकली.

"म्हंजे शनीनं काय केलं न्हाय?"

"काहीच नाही."

"आनि हे तुम्हाला त्या दिवशी बी ठावं व्हतं?"

मास्तरांनी मान खाली घातली. "होतं."

मालुबाईनं खुंटीकडं बघितलं. मग पदरानं तोंड पुसत म्हणाली, "ह्यांनी शर्ट घातलावता. रिक्षा दारात आलती. तुमचा फोन झाल्यावर शर्ट काढून खुंटीला लावला. मास्तर सांगत्यात तर बसू तासभर, म्हणाले. मी रिक्षावाल्याला माघारी धाडलो. माझ्या तोंडानं धाडलो, मास्तर."

"दोष माझा आहे."

"तुमचा हाय. माझा बी हाय. राग न्हाय म्हणून सांगू काय तुम्हाला? तसं म्हणवत न्हाय मला."

"म्हणू नका." ते उठले. "आता मी कुणाचा फोन घेणार नाही."

"न्हाय, न्हाय." तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. "फोन घ्या. तुम्ही न्हाय सांगितलासा तर लोक दुसऱ्या कुणाला तरी इचारतील. घ्या, आनि आत्ता निघा म्हणा. दर बारीला आत्ता निघा म्हणायचं."

पुढच्या आठवड्यात पिरनवाडीहून एका बाईनं फोन केला. सासूच्या पोटाचं ऑपरेशन होतं, चांगली वेळ हवी होती.

"डॉक्टर सांगतील ती वेळ चांगली," मास्तर म्हणाले. "दुखत असेल तर आत्ताच निघा."

"असं काय मास्तर, आमच्यासाठी एवढं बी बघत न्हाईसा?" बाई दुखावली. "ऱ्हाऊ द्या, दुसरीकडं इचारतो."

"अहो, ऐका—" ते म्हणेपर्यंत फोन बंद झाला होता. त्यांनी तो नंबर परत लावला, तीनदा लावला. पलीकडून कोणी उचलला नाही. आतून वसुधाताई जेवायला हाका मारत होत्या.