कॅरिअरवर बसलेला

त्या साली मे महिना असा तापला की लालबागच्या चाळीत माणसं खोलीत कमी आणि गॅलरीत जास्त राहत. दगडूची बायको पोरांना घेऊन मालवणला गेली होती. गिरणीतली पहिली पाळी सुटली की दगडू मोकळा. जन्मात पहिल्यांदा आख्खी संध्याकाळ हाती आली, तशी लहानपणची हौस वर आली. एक सायकल असावी, शिवडीच्या बंदरापर्यंत रमतगमत जावं, वारा खावा, परत यावं. कामासाठी नव्हे, कुणाला पोचवायला नव्हे. उगीच.

भोईवाड्याच्या भंगारवाल्याकडे एक जुनी सायकल स्वस्तात मिळाली. सीट फाटलेली, चेन गंजून ताठ, मागचं चाक पापडासारखं वाकडं. मागच्या मडगार्डला करंगळी जाईल एवढं गोल भोक होतं.

"हे कसलं रे?"

"गंजलाय," भंगारवाला म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

गंजाचं भोक असं कडेने स्वच्छ नसतं, हे साच्यावर हयात घालवलेल्या माणसाला काय कळत नव्हतं? पण हौसेला डोळे नसतात.

पुढचे काही दिवस दगडू पाळीवरून आला की गॅलरीत बैठक मारी. चेन घासलेटात बुडवून ठेवली. चाकाच्या तारा एकेक आवळत, सैल करत चाक सरळ फिरवलं. ट्यूब घमेल्यात दाबून बुडबुडे शोधले, पंक्चर काढलं. छर्रे बदलले, ब्रेकचं रबर नवं घातलं. भोकावर पत्र्याचा तुकडा बसवून वरून काळा रंग फासला. उन्हात उभी केली तेव्हा सायकल अशी दिसत होती की शेजारचे येता-जाता घंटी वाजवून जात.

आता नवी वस्तू घरात आली म्हणजे गाऱ्हाणं घालायचं, ही कोकणची रीत. घरातल्या मोठ्याने नारळ हातात धरून देवाला हाक मारायची आणि बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. दगडूच्या घरात कोणी नव्हतं. त्याने एकट्यानेच नारळ धरला. पण गाऱ्हाणं नेहमी बाप घालायचा. दगडूला फक्त 'व्हय म्हाराजा' म्हणायची सवय. ग्रामदेवतेचं नाव आधी घ्यायचं असतं, ते राहिलंच. मनात सायकल भरलेली, तेव्हा तोंडातून आलं, "बा म्हाराजा, ही सायकल ज्या कोणाची असात, त्या धन्यान माज्या पाठीशी रव्हाचा."

"व्हय म्हाराजा," मागून आवाज आला.

गॅलरीतून कोणीतरी चेष्टा केली असेल, असं समजून दगडू हसला आणि त्याने नारळ फोडला.

त्या संध्याकाळी परळच्या रस्त्याला लागताच त्याच्या मांड्या भरून आल्या. सायकल डबलसीट असल्यासारखी जड चालत होती. खाली उतरून पाहिलं, तर कॅरिअर रिकामं आणि मागचा टायर मात्र दबून बसलेला. हवा भरली. दुसऱ्या दिवशी तेच. वळणावर सायकल डावीकडे झुकायची, जसा मागचा माणूस एका अंगावर बसलाय. शिवडीला खारा वारा अंगावर यायचा, पण पाठ घामाने भिजलेलीच राहायची. वाऱ्याच्या आड कोणी असावं, तशी.

शेवटी दगडूने शेजारच्या गंगुबाईला सांगितलं. म्हातारीने तोंडातला तंबाखू थुंकला.

"मेल्या, देवाक सोडून धन्याक हाक मारलंस? धनी जितो हा की मेलो, ता तरी इचारलंस?"

"तेव्हा 'व्हय म्हाराजा' तुम्हीच म्हणालात ना?"

"मी? मी नळार होतंय. गॅलरीत चिटपाखरू नव्हता. जेका बोलावलंस तो इलो. आता तुझ्या सांगण्यान उतराचो नाय. त्येच्या घरच्या माणसान नाव घेऊन 'उतर' म्हणाक होया."

दगडू भंगारवाल्याकडे गेला. या खेपेला भंगारवाल्याने डोळे चुकवले नाहीत. सायकल लवू नावाच्या माणसाची होती. जानेवारीत लालबागला पोलिसांचा गोळीबार झाला त्या दिवशी तो सायकलवरून घरी येत होता. त्याच्या भावाने ती आणून विकली. बायको इथेच, पाठीमागच्या चाळीत राहते.

पहिल्या मजल्यावर सायकल चढवताना दगडूला घाम फुटला. लवूची बायको चंपा दारातच तांदूळ निवडत बसली होती. तिने दगडूकडे पाहिलंच नाही. कॅरिअरकडे पाहिलं आणि पदर सावरला.

"वहिनी, चूक माझी आहे," दगडूने सगळं सांगितलं. "तुम्ही एकदा नाव घेऊन उतर म्हणा. मी सुटतो, तेही सुटतील."

चंपाने सूप खाली ठेवलं.

"वळणावर डावीकडे झुकते?"

"हो."

"उजवा पाय दुखायचा त्यांचा." मग म्हणाली, "मी नाव घेतलेलं नाही कधी. लग्नात घेतलं तेवढंच. तेही बायकांनी दार अडवलं होतं म्हणून."

"पण आता..."

"आता घेतलं की जातील ना?"

भिंतीपलीकडे कुणाचा तरी स्टोव्ह फरफरत होता.

"दिराने सायकल विकली तेव्हा मी नळावर होते," चंपा म्हणाली. "प्रेत आमच्या हातात दिलं नाही, सायकलही गेली. आणि तुम्ही म्हणता, घरी आलेल्या माणसाला उंबऱ्यावरून हाकलून द्या?"

दगडूने हँडलवरची पकड ढिली केली. केवढ्या मेहनतीने सरळ केलेलं चाक ते. मे महिना अजून निम्मा बाकी होता. घेऊन गेलो तर आयुष्यभर याला पाठीवर वाहीन. ठेवून गेलो तर पुन्हा सायकल कुठली? त्याने चाकाकडे आणि कॅरिअरकडे एकेकदा पाहिलं आणि सायकल भिंतीला टेकवली.

"चेनला तेल देत जा, वहिनी."

"तुमची हौस राहिली," ती म्हणाली.

"राहू दे."

तो जिन्याकडे वळला. मागे चंपाने पाट सरकवल्याचा आवाज आला, मग भांड्यात पाणी ओतल्याचा. मग तिचा आवाज, हळू, रोजचा, जरा रागावलेला.

"एवढा उशीर करतात? भात दोनदा गरम केला. आज नळाला पाणी करंगळीएवढं आलं, आणि भाऊजी काय म्हणाले ठाऊक आहे का?"

ती बोलायची थांबली. विचारलेल्याचं उत्तर यायला जेवढा वेळ लागतो, तेवढी थांबली.

दगडूने कठडा धरला आणि उत्तर ऐकू यायच्या आत तो झरझर जिना उतरला.