राहिलेला आरसा

मित्रांनो, मी लोणच्याची बरणी. खांद्यापर्यंत तपकिरी आणि पोटाला पांढरी, अशी चिनीमातीची. दिग्रसच्या एका घरात फडताळाच्या खालच्या फळीवर माझा मुक्काम असतो. कोणत्या भट्टीत भाजले गेले ते मला विचारू नका. आपल्या जन्माच्या वेळचं कोणाला आठवतं? मला आठवतो तो बैलगाडीतला प्रवास. गवतात गुंडाळून आणत होते, तरी एका खड्ड्यात शेजारच्या बरणीनं अशी धडक दिली की माझ्या पोटावरचा टवका उडाला. पुढे दुकानात जो तो मला "फुटकी" म्हणून बाजूला सारायचा. फुटकी नव्हते हो मी! नखाएवढा टवका तो. पण लोकांच्या तोंडावर कोण झाकण ठेवणार?

आपला यवतमाळ जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्या साली कुंदाताईंनी मला पसंत केलं. त्यांचे यजमान वामनराव कापसाच्या जिनिंगच्या कचेरीत कारकून होते, आणि सोळा वर्षांची रजनी ही त्यांची एकुलती एक लेक. मला दारात पाहून वामनराव म्हणाले, "अहो, हिला तर टवका गेलाय!"

"असू दे," कुंदाताई म्हणाल्या. "लोणचं काय टवका बघून मुरतं?"

त्या क्षणापासून मी त्यांची झाले.

रजनीच्या काळजाची झडप लहानपणच्या तापात बिघडली होती. पळायचं नाही, पाणी भरायचं नाही, दमायचं नाही, असं यवतमाळच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. शाळाही सुटली. बिचारी दिवसभर ओट्यावर बसून रस्ता बघायची. बाजाराच्या दिवशी तेवढी तिची कळी खुलायची, कारण त्या दिवशी सोनीबाई यायची. सोनीबाई जवळच्या तांड्यावरची. तिचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहत मुलुखभर फिरलेले, आता घरची शेती होती. ती डिंक आणि चारोळ्या घेऊन यायची, आणि तिच्या ओढणीवर इतके आरसे होते की ओट्याच्या भिंतीवर कवडसे नाचायचे.

एकदा रजनीनं विचारलं, "सोनीबाई, ही नक्षी तुम्ही भरली?"

"मी कायची भरतो वो पोरी! माह्या याडीनं भरली हे. याडी म्हंजे माय. माह्या लग्नाच्या वक्ती रोज भरे अन् रोज रडे."

रजनी त्या ओढणीकडे बघतच राहिली. दुसऱ्या दिवशी तिनं वडिलांच्या मागे लागून, पाट्या रंगवणाऱ्या पेंटरकडून उरलेले रंग आणवले. लाल, हिरवा आणि पिवळा, तीन डबड्यांच्या तळाशी होते तेवढेच.

हाताला वळण नव्हतं. पहिले काही दिवस ती एका तडकलेल्या बशीवर शिकली. काढायचं, घासलेटच्या बोळ्यानं पुसायचं, पुन्हा काढायचं. बशी एकच होती, म्हणून तिच्यावरचं काही टिकलं नाही. पण पोरीची अक्कल बघा! कुंचला थरथरतो म्हणून तिनं आगपेटीच्या काडीला कापूस गुंडाळला आणि नुसते ठिपके द्यायला सुरुवात केली. ठिपक्याला हात थरथरला तरी चालतं. सरळ रेघ येईना, तर भांड्याला दोरा बांधून त्याच्या कडेनं रेघ ओढली. आणि आरशासाठी रंगच वापरला नाही. ढब्बू पैसा ठेवून गोल आखायचा, आतली जागा कोरी सोडायची, भोवती लाल ठिपके. चिनीमातीचा पांढरा रंग आपोआप आरशासारखा चमकायला लागतो. दोन आरशांच्या मधे एक हिरवं पान. झाली नक्षी.

चैत्रात माझी पाळी आली. रिठ्याच्या पाण्यानं माझा तेलकटपणा काढून तिनं मला मांडीवर घेतलं. खरं सांगते, मी कोणाच्या मांडीवर कधी बसले नव्हते. "हात फिरवायचा नाही आई, बरणी फिरवायची," ती कुंदाताईंना सांगायची, आणि मला हळूहळू गोल फिरवायची. समोर सोनीबाई डोक्यावरच्या ओढणीचं टोक पुढे धरून बसायची. चारोळ्या तशाच राहायच्या, गिऱ्हाईक परत जायचं, पण ही बाई हलायची नाही. "असं कर न पोरी, इथं पिवळं घाल," म्हणून वर सूचना!

टवक्याच्या डाव्या बाजूनं सुरू झालेली नक्षी सगळं पोट फिरून टवक्याच्या उजवीला आली. एकाच आरशाची जागा उरली. तेवढ्यात रजनीनं काडी खाली ठेवली. तिच्या कपाळावर घाम होता.

"आता राहिलेला उद्या करते," ती म्हणाली. "आणि आई, रंग कच्चा आहे हं अजून. आंबे येईपर्यंत हिला पाण्याचा हातसुद्धा लावायचा नाही."

रात्री तिला ताप भरला. सकाळी वामनरावांनी तिला उचलून यवतमाळच्या एसटीत बसवलं. जाताना दारातून तिनं माझ्याकडे पाहिलं आणि ती हसली. मित्रांनो, ती परत आली नाही.

घरात तिचा एक फोटोसुद्धा नव्हता. पुढच्या वर्षी काढू, पुढच्या वर्षी काढू, असं म्हणता म्हणता राहून गेला होता. तिच्या हातचं म्हणावं असं जगात एकच उरलं होतं, ते माझ्या पोटावर होतं. कुंदाताई माझ्यासमोर येऊन बसायच्या. हात लावायच्या नाहीत, ठिपक्यांवरून नुसती नजर फिरवायच्या. त्या ठिपक्यांनी त्या माउलीचा जीव धरून ठेवला होता.

वामनरावांची थोरली बहीण यमुनाबाई वर्ध्याहून आल्या होत्या. भाची गेल्याचं दुःख त्यांनाही होतं, पण रडण्यापेक्षा त्यांचा हात कामाला जास्त वळायचा. सगळ्या घराला त्यांनीच शिजवून खाऊ घातलं. सुतक फिटतं त्या दिवशी घर धुऊन काढतात, भांडीकुंडी घासतात, ही आपली रीत. कुंदाताई आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. यमुनाबाईंनी पदर खोचला, तांब्यापितळेची भांडी अंगणात काढली, आणि शेवटी मलाही उचललं.

मी काय करणार? बरणीला तोंड असतं, पण आवाज नसतो. नारळाची शेंडी, चुलीतली राख आणि एका कष्टाळू बाईचा जोर! लाल ठिपके राखेत मिसळले, हिरवी पानं गेली, पिवळं गेलं. गढूळ पाणी तुळशीच्या कडेनं वाहत मोरीत गेलं. मला ऊन लागावं म्हणून त्यांनी मला किती मायेनं पालथं घातलं होतं, ते आठवलं की अजून गलबलून येतं.

कुंदाताई बाहेर आल्या आणि उंबऱ्यातच थांबल्या.

"कुंदा, दुकानदारानं फसवलं की गं तुला!" यमुनाबाई म्हणाल्या. "नक्षी अगदीच कच्ची होती. राखेनं सुटायला लागली, म्हटलं लोणच्यात रंग नको उतरायला. सगळीच काढली. बघ कशी लख्ख झालीय."

कुंदाताईंचे ओठ हलले. मला वाटलं, आता ही बाई किंकाळी फोडणार. पण त्यांनी नणंदेचे राखेनं माखलेले, फुगलेले हात पाहिले.

"बरं केलंत, वन्सं," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. ती नक्षी कोणाची होती, हे यमुनाबाईंना आजतागायत माहीत नाही.

त्या सालचे आंबे आले आणि गेले. लोणचं घातलं नाही. मी फडताळात कोरी उभी होते, अंगावर धूळ साचत होती. रजनी गेल्यापासून सोनीबाई बाजाराला आली नव्हती, तिच्या तांड्यावर आधी लग्नसराई आणि मग पेरणीची घाई होती. एक दिवस ओट्यावर टोपली टेकली.

"काहून वो बाई, पोरगी दिसून नाही राह्यली?"

कुंदाताईंनी सांगितलं. सोनीबाईनं कुंदाताईंच्या गळ्यात हात टाकले आणि तांड्याच्या रीतीनं शब्द लावून, सूर धरून रडायला लागली. ती भाषा कुंदाताईंना कळत नव्हती. पण इतके दिवस अडकलेलं त्यांचं रडू त्या सुराबरोबर बाहेर पडलं. आख्ख्या आळीनं ऐकलं, ऐकू दे!

रडून झाल्यावर सोनीबाईनं आत पाहिलं. "अन् हे बरणी? पोरीनं काढेल नक्षी कुठी गेली?"

"धुतली गेली," कुंदाताई म्हणाल्या. "भांडी घासताना गेली."

सोनीबाईनं कोणी धुतली ते विचारलं नाही. तिनं डोक्यावरची ओढणी उतरवली. परक्या दारात ती कधी ओढणी उतरवत नसे. पण त्या दिवशी तिनं ती जमिनीवर पसरली. "माह्या याडीचं पाहून तुमच्या पोरीनं काढलं. आता तुमी काढा. रंग हाये न?"

रंगांवर साय धरली होती. ती काढून कुंदाताईंनी काडीला कापूस गुंडाळला. पहिला ठिपका ओघळला. दुसरा मोठा झाला. "मला नाही जमायचं, सोनीबाई."

"हात नोका फिरवू. बरणी फिरवा. पोरगी असंच म्हणे." आणि सोनीबाईनं आपल्या मांडीवर मला घेऊन हळू फिरवायला सुरुवात केली.

कुंदाताईंचे आरसे वाकडे आले. पानं कुठे जाड, कुठे बारीक आली. डोळ्यांतलं पाणी पडलं तिथे एक ठिपका नीट बसलाच नाही. रजनीची सफाई त्यात नाही, खोटं कशाला बोलू? ऊन उतरेपर्यंत नक्षी टवक्याच्या उजवीला आली आणि कुंदाताईंनी काडी खाली ठेवली.

"बाई, इथं एक राह्यला न," सोनीबाई म्हणाली.

"राहू दे," कुंदाताई म्हणाल्या. "तिथं ती थांबली होती."

आता दहा वर्षं होत आली. आंबे येण्याआधी कुंदाताई मला आतून स्वच्छ करतात, हिंगाची धुरी देतात, पण बाहेरून ओल्या फडक्यानं नुसतं टिपतात. आळीतल्या मुली तडकलेल्या बश्या घेऊन त्यांच्याकडे नक्षी शिकायला येतात. पहिल्या दिवशी ठिपका, मग दोरा बांधून रेघ, मग कोरा आरसा. परवा एक चिमुरडी माझ्या टवक्याजवळ काडी घेऊन आली. "काकू, हा मी पूर्ण करू?" कुंदाताईंनी तिचं मनगट धरलं, मग सोडलं, आणि तिला एक जुनी बशी दिली.

म्हणून सांगते मित्रांनो, घरातलं काही घासायला, फेकायला, नवं करायला घ्याल तेव्हा आधी एवढं विचारा, की हे कोणाच्या हातचं आहे? आणि कधी आमच्या घरी आलात तर लोणचं पोटभर खा, माझी वाकडी नक्षी बघून हसलात तरी चालेल. फक्त टवक्याजवळच्या त्या जागेला रंग लावू नका. ती रजनीची आहे. उद्या करते, म्हणून ती गेली आहे.