एकसष्ट घरं

मंगळवारी दुपारी चार वाजता मी टेकडीवरचा मनोरा बंद केला आणि चार वाजून दोन मिनिटांनी सासूबाईंचा फोन आला.

"अगं, टीव्ही गेला."

"आई, मी कामात आहे. केबलवाल्याला फोन करा ना."

"कोण केबलवाला?" त्या म्हणाल्या. "आपल्याकडे कधी होती केबल?"

हे दुसऱ्या कुणा सुनेला ऐकावं लागलं असतं तर फारसं बिघडलं नसतं. पण मी लहरी खात्यात इंजिनिअर आहे. हवेतल्या लहरींचे पट्टे असतात, आणि कुठल्या पट्ट्यातून टीव्हीने जायचं, कुठल्यातून मोबाइलने आणि कुठल्यातून विमानाने, हे आमचं खातं ठरवतं. नाव ऐकून लोक हसतात, हसू देत. सोळा वर्षं मी हे काम करते आहे आणि मला ते उत्तम येतं. उगीच विनय दाखवायची मला सवय नाही.

त्या वर्षी मोबाइल कंपनीने टीव्हीचा पट्टा मागितला होता. मागणी काही वेडीवाकडी नव्हती. आमच्या गावामागच्या खोऱ्यात फोन लागत नाही, आणि टीव्हीच्या पट्ट्यातल्या लहरी लांब जातात, भिंतींना जुमानत नाहीत. आता दोनच वाटा होत्या. एक म्हणजे टीव्हीने खालच्या पट्ट्यात सरकायचं आणि वरचा मोबाइलला द्यायचा. त्यात मनोऱ्यावरची सगळी जोडणी बदलावी लागते, कटकट फार. दुसरी वाट सोपी: टेकडीवरून येणारा फुकटचा टीव्ही कुणी बघतच नसेल तर मनोरा कायमचा बंद करायचा. तर, बघतं कोण, हे मोजायचं काम माझ्याकडे आलं.

मी मोजलं. दोन आठवडे उंच दांडा लावलेली गाडी घेऊन गावातली एकूण एक गल्ली फिरले आणि डोळ्यांत तेल घालून छपरांवरचे अँटेना मोजले. भरले एकसष्ट. चार हजार घरांच्या गावात एकसष्ट. अहवालावर सही ठोकली आणि सकाळच्या चहाला मोठ्या तोऱ्यात घरी वाचूनही दाखवला.

माझे सासरे जन्मभर अँटेना बसवायचं काम करत होते. सगळा गाव त्यांना अँटेनाकाका म्हणतो. आकडा ऐकून त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "वा, मॅडम."

तेव्हापासून दोन महिने ते मला मॅडमच म्हणत होते. त्याआधी अकरा वर्षं मी त्यांची 'पोरी' होते. मला वाटलं, थट्टा चालली आहे. शिवाय त्यांचे गुडघे दुखत होते, आणि दुखणाऱ्या माणसाचं बोलणं मनावर घ्यायचं नाही असं मी ठरवून टाकलं होतं.

त्या मंगळवारी अहवालाला शेवटचं एक परिशिष्ट जोडायचं होतं. मनोरा अर्धा तास गप्प ठेवून पट्ट्यात आणखी काय काय खरखरतं ते टिपायचं. त्या एकसष्ट घरांना मी आठवडाभर आधी रीतसर पत्रं टाकली होती. यंत्र लावून बसले, आणि सासूबाईंनंतर मनोऱ्यावरचा फोन जो वाजायला लागला तो थांबेचना. मनोऱ्याचा राखणदार वर्तमानपत्राच्या कडेला प्रत्येक फोनची एक रेघ मारत होता. कड संपली तशी त्याने पान उलटलं. अर्ध्या तासात दोनशे बारा रेघा झाल्या.

"मॅडम, एकसष्ट म्हणाला होतात ना?" त्याने विचारलं. त्याच्या तोंडून ते 'मॅडम' फारच झोंबलं.

मी तडक घरी गेले. सासरे पडवीत खुर्ची टाकून बसले होते. मी चपलासुद्धा काढल्या नाहीत.

"बाबा, आपल्या टीव्हीला सिग्नल कुठून येतो?"

"टेकडीवरून."

"आपल्या छपरावर अँटेना नाही."

"छपरावर नाहीच. छपराखाली आहे."

मी शिडी लावून पोटमाळ्यावर चढले. अकरा वर्षांत तिथे एकदाही गेले नव्हते. तिसऱ्या वाशाला भला मोठा अँटेना आडवा बांधलेला होता. त्याच्यापासून निघालेली वायर भिंतीतून खाली उतरून बरोबर टीव्हीमागच्या खोबणीत जात होती. भिंतीतून वायर येते म्हणजे केबल, असं मी धरून चालले होते. दिवसभर सिग्नल मोजून आल्यावर घरी टीव्हीकडे बघायची मला इच्छा नसते, त्यामुळे ती खोबण कधी नीट पाहिलीही नव्हती. वाशावर पेन्सिलने तारीख, दिशा आणि चॅनलचा आकडा लिहिलेला होता. अक्षर सासऱ्यांचं. माझ्या यादीत आमच्या घरापुढे मी स्वतःच्या हाताने 'नाही' लिहिलं होतं.

लाज वाटली. सरळ सांगते, इतकी लाज मला परीक्षेत नापास झाल्यावरही वाटली नव्हती.

खाली उतरल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. एका वर्षी टेकड्यांमधून असा वारा सुटला की छपरांवरचे दांडे काड्यांसारखे मोडले. एक तर शाळेच्या खिडकीत घुसला. सुदैवाने सुट्टी होती. त्याच सुमाराला टीव्ही डिजिटल झाला, पडद्यावरच्या मुंग्या गेल्या. सासऱ्यांनी करून पाहिलं तर कौलांच्या आडूनसुद्धा चित्र स्वच्छ येत होतं, फक्त अँटेना जरा मोठा घ्यायचा. मग त्यांनी एकेक करत घरोघरचे अँटेना पोटमाळ्यावर नेले. जे हट्टी होते त्यांचे तेवढे छपरावर राहिले.

"ते एकसष्ट," मी म्हटलं.

"ते एकसष्ट. माझं न ऐकणारे."

"पण मला का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस कुठे?" ते म्हणाले. "तू मोजलंस."

मग मी चपला काढल्या.

पट्टा कुणाला द्यायचा याची सुनावणी शुक्रवारी होती. बुधवारी साहेबांच्या कानावर घातलं, तर ते आधी दाराकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिले. "अहवाल वरपर्यंत गेलाय," ते म्हणाले. "आता मागे घेतलात तर चूक तुमच्या नावावर लागेल."

"माझीच आहे. दुसऱ्या कुणाच्या नावावर लावणार?"

"फोनचं काय, लोकांना सवयच असते हो फोन करायची. एखाद्याने चार वेळा केला असेल."

"साहेब, त्यातला एक माझ्या सासूबाईंचा होता. त्यांनी एकदाच केला. दुसऱ्यांदा करायची वेळ कुणी त्यांच्यावर येऊ देत नाही."

साहेब हसले, पण सोबत येतो असं काही म्हणाले नाहीत. मला त्याची गरजही नव्हती.

सुनावणीच्या खोलीत लांब टेबल, मधोमध अध्यक्षबाई आणि समोर मोबाइल कंपनीचा इंजिनिअर. तो कॉलेजात माझ्याच वर्गात होता. माझ्या मागच्या बाकावर बसून माझ्या वहीतून गणितं उतरवायचा. आता चांगला सूट घालून आला होता आणि बोललाही चांगलं. खोऱ्यात कुणाला रात्री-अपरात्री धाप लागली तर डॉक्टरला फोन करायला दोन मैल चालत यावं लागतं, हे त्याने नकाशा लावून दाखवलं. एक शब्द खोटा नव्हता. शेवटी म्हणाला, "आणि समोर आहेत फक्त एकसष्ट घरं. हा आकडा आमचा नाही, खात्याचाच आहे."

मी उठले. "तो अहवाल चुकीचा आहे."

"तुमचीच सही आहे ना त्यावर?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"हो. म्हणूनच खात्रीने सांगते."

मग मी सगळं सांगितलं. छपरं, कौलं, वाशावरची पेन्सिल, वर्तमानपत्राच्या कडेवरच्या रेघा. आमच्या घरापुढे मी 'नाही' लिहिलं होतं तेही सांगितलं. खोलीत हशा पिकला. मोबाइलवालाही हसला, पण मग सावरून म्हणाला, "म्हणजे आता खोऱ्यातल्या लोकांनी काय करायचं?"

"तुला वरचा पट्टा हवा, तो घे. खोऱ्यात फोन लागलाच पाहिजे, माझं दुमत नाही. आम्ही खालच्या पट्ट्यात सरकतो. दोघांना पुरेल एवढी जागा आहे. सरकायचं काम कटकटीचं आहे, पण ते मी करेन."

"आधी खरा आकडा आणा," अध्यक्षबाई म्हणाल्या. "तीन आठवडे देते. आणि या वेळी घरात जाऊन मोजा."

शनिवारी सकाळी मी शिडी खांद्यावर घेतली. सासरे फाटकाशी काठी टेकून तयारच होते. "वर चढणं माझ्याच्याने व्हायचं नाही," ते म्हणाले. "पण कुठल्या घरात कुठला वासा, ते मॅडमना दुसरं कोण सांगणार?"

तीन आठवडे आम्ही दोघं गाव पालथा घालत होतो. मी वर, ते खाली शिडी धरून. मी पोटमाळ्यावर पोचायच्या आत खालून आवाज यायचा, "डावीकडून दुसरा वासा. तोंड टेकडीकडे, जरासं उगवतीला." आणि पेन्सिलने तेच लिहिलेलं असायचं. वीस-वीस वर्षांपूर्वीचं त्यांना तोंडपाठ होतं. आपण कालच्या बैठकीत काय ठरलं ते विसरतो. एका घरी अँटेनावर मोजे वाळत घातले होते आणि घरच्या बाई तक्रार करत होत्या की बातम्या मधेच अडखळतात. सासऱ्यांनी खालूनच सांगितलं, "आधी मोजे काढ." बातम्या सुरळीत झाल्या.

आकडा भरला अकराशे चौऱ्याहत्तर. तो लिहिताना मी दोनदा नाही, पाच वेळा बेरीज तपासली. आमचं घर पहिल्या ओळीत होतं.

निकाल लागला. मोबाइलला वरचा पट्टा मिळाला, टीव्ही खाली सरकणार आणि मनोरा राहणार. पण त्यात एक मेख होती. चॅनलचा आकडा बदलला की प्रत्येक घरात रिमोटवरचं 'शोधा'चं बटण दाबावं लागतं, नाहीतर पडदा काळा. साठ-सत्तरीतल्या माणसांचं गाव ते. मी पत्रकं छापली. सासऱ्यांनी पत्रकाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आठवडाभर रोज ते कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानाबाहेर आमच्या घरातला रिमोट घेऊन बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बटण दाखवत राहिले. आठवडाभर आमच्या घरी चॅनल बदलायला सासूबाईंना उठावं लागलं. त्यावर त्या जे बोलल्या ते मी इथे लिहीत नाही.

बदलाचा दिवस रविवार, सकाळी अकराची वेळ. मी मनोऱ्यावर होते. जुनं चॅनल बंद केलं, नवं सुरू केलं. काटा वर चढला, सगळे दिवे हिरवे झाले. यंत्रापुरतं बोलायचं तर काम चोख होतं. मी खुर्ची फोनपाशी ओढली आणि राखणदाराने वर्तमानपत्र पुढ्यात घेतलं.

फोन वाजला नाही.

पाच मिनिटं झाली. राखणदाराने चहा ओतला. दहा मिनिटं झाली. चहावर साय धरली. मी रिसीव्हर उचलून पाहिला, फोन चालू होता. अर्धा तास बंद ठेवल्यावर दोनशे बारा फोन येतात, आणि आज एकही नाही? सगळ्यांनी नाद सोडला की काय? उठून बटण दाबायचा कंटाळा केला, फोन काढून त्यावर बघत बसले? मग ते अकराशे चौऱ्याहत्तर मी नेमके कशासाठी मोजले?

शेवटी न राहवून मीच घरी फोन लावला. सासऱ्यांनी उचलला. मागे बातम्यांचा आवाज खणखणीत येत होता.

"बाबा, पंधरा मिनिटं झाली. एकाचाही फोन नाही. गावात कुणी बघत नाहीये का?"

त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. मग म्हणाले, "फोन कशाला करतील? सगळे टीव्ही बघतायत, पोरी."