आजीच्या खांबाशी

राष्ट्राध्यक्ष व्हायला निघालेला उरियाम प्रचाराला आमच्या बेटावर आला. आम्ही बायकांनी त्याच्या डोक्यावर फुलांचा वेढा घातला, मानेवर पावडर शिंपडली, हाती शहाळं दिलं आणि सभाघरातली पाहुण्यांची चटई दाखवली.

तो तिथे बसलाच नाही. सभाघरात ज्याच्या त्याच्या घराण्याचा खांब ठरलेला. उरियामची आजी आमच्या गावची. हा थेट तिच्या खांबाशी जाऊन मांडी घालून बसला. म्हणाला, मी पाहुणा कसला, तुमचाच नातू. म्हातारे खूश झाले. माझी नणंद तेबोरा त्याच घराण्यातली, आमच्या शाळेतली बाई. तिने सरकून त्याला जागा करून दिली.

मग तो शिक्षणावर बोलला. लहान बेटांवरचे सातवीपासूनचे वर्ग बंद करायचे, राजधानीत एकच मोठी शाळा, संगणक, प्रयोगशाळा, मुलांना वसतिगृह. ऐकायला गोडच होतं. पण तेबोराच्या हातातला पंखा थांबला. तिची मारेवा सहावीत. पुढच्या वर्षी लेक समुद्रापलीकडे जाणार, तिकडेच उंच होणार, आईला दिसणार ती नाताळापुरती.

तेबोराने घराण्यातल्या सगळ्यांत थोरल्या तेबुरेआ आजोबांकडे पाहिलं. त्यांनी बोल म्हणून मान हलवली.

"दादा, तू आपल्या खांबाशी बसलास, म्हणून मागते. बुबुसी. सातवी, आठवी, नववी इथंच राहू दे."

बुबुसी म्हणजे नातलगाचं मागणं. त्याला नाही म्हणता येत नाही. पाहुण्याकडे ते कुणी करत नाही.

माडांतून वारा फिरावा तसं हसू सभाघरभर फिरलं. उरियामच्या सोबतचा माणूस त्याच्या कानाशी लागला, की पत्रकं छापून झालीत.

"बाळा," तेबुरेआ आजोबा म्हणाले, "पाहुण्यांची चटई अजून रिकामी आहे हो. जायचं तर जा उठून."

उरियाम उठला नाही. त्याने खांबाला पाठ टेकवली. मग स्वतःच हसायला लागला.

"दिलं, ताई. जिथं मधे समुद्र आहे, तिथला वर्ग हलणार नाही. निवडून आलो तर. आता माझंही एक मागणं. पुढच्या बेटांवर हे मला धड सांगता यायचं नाही. सकाळी होडीत चल, तूच सांग. बुबुसी."

आता हसू आवरेना कुणाला. नुसत्या होडीच्या नावाने तेबोराला मळमळतं. पण ती तरी नाही कशी म्हणणार?

सकाळी ती माझ्या हाती मारेवाची वेणी अर्धीच सोडून निघाली. होडी प्रवाळाच्या खिंडीतून बाहेर पडेपर्यंत आम्ही दोघी किनाऱ्यावर उभ्या होतो. तेबोरा होडीच्या काठावरून वाकून ओकत होती. मधेच तोंड पुसून उरियामला काहीतरी समजावत होती, आणि भावी राष्ट्राध्यक्ष मान डोलावत होते.