तेल प्यालेले म्यान

मित्रांनो, मी एक जुने चामड्याचे म्यान आहे. तलवारीचे नव्हे. माझ्या पोटात कधी पाते नव्हते. होती ती एक लाकडी काठी, पूल नावाच्या खेळात हिरव्या टेबलावर रंगीत चेंडू ढकलायची. तिला क्यू म्हणतात. ती मध्यावर फिरवून उघडली की तिचे दोन भाग होतात, एक जाड मूठ आणि एक निमुळता शेंडा. म्हणून माझ्या आत दोन नळ्या आहेत, एक रुंद आणि एक अरुंद. बाहेरून मी तपकिरी आहे, अंगावर रानगुलाबांची नक्षी आहे आणि एका कुशीवर मोठा काळपट डाग आहे. मला पाहणारे आधी गुलाब पाहतात आणि मग डागाबद्दल विचारतात. ती हकिकत मी तुम्हांला सांगणार आहे, पण सुरुवातीपासून सांगू द्या.

माझा जन्म अमेरिकेतल्या प्वेब्लो गावात झाला, सेलेडोनियो आर्चुलेटा यांच्या खोगिरांच्या दुकानात. एका दुपारी तिथे पोलाद कारखान्यातला एक कामगार आला. त्याचे नाव रूडी कोचेवार. त्याच्या काखेत जुन्या टॉवेलात गुंडाळलेली क्यू होती. म्हाताऱ्या सेलेडोनियोंनी त्याला घोडा कुठे बांधला ते विचारले.

"घोडा नाही माझ्याकडे," रूडी म्हणाला. "खोगीर हवंय ते हिच्यासाठी."

सेलेडोनियोंनी क्यू हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "हिला चारा काय घालतोस?"

"निळा खडू." खेळताना तो क्यूच्या टोकाला चोळतात.

म्हाताऱ्याने आयुष्यात कधी असले म्यान केले नव्हते, पण त्या उत्तरावर त्याने काम घेतले. खोगिरांसाठी आणलेले जाड चामडे शिल्लक होते. ते त्याने पाण्यात भिजवले, लाकडी दांड्यांवर गुंडाळले, दोरीने करकचून आवळले आणि सावलीत वाळत ठेवले. उन्हात वाळवले तर लवकर झाले असते. पण घाईने वाळलेल्या चामड्याला चिरा पडतात, असे तो येणाऱ्या प्रत्येकाला सांगे. मग आरीने भोके पाडून त्याने मेण लावलेल्या दोऱ्याने मला शिवले. गुलाब कोरले. झाकणाच्या आतल्या बाजूला रिकिबीचा छोटा छाप मारला. ती त्याची खूण होती.

मी तयार झाल्यावर त्याने बोटाच्या पेराने माझ्यावर टकटक केले. लाकडासारखा आवाज आला. तेव्हा तो रूडीला म्हणाला, "चामड्याला आधी हाडं लागतात. फुलं नंतर."

त्या वेळी मला या बोलण्याचे विशेष वाटले नाही. मला माझ्या फुलांचाच अभिमान होता.

माझी कामाची वर्षे बेसेमर वस्तीतल्या पूलघरात गेली. शनिवारी पाळी संपली की भट्टीच्या धगीने भाजलेल्या हातांची माणसे तिथे जमत. कुणी स्लोव्हेनियन, कुणी इटालियन, कुणी मेक्सिकन. हिरव्या मिरचीच्या रश्श्यात बुडालेले बर्गर चमच्याने खात खात ते एकमेकांची उणीदुणी काढत. पण खेळ सुरू झाला की बोलणे आपोआप कमी होई. तिथे कुणी टाळ्या वाजवत नसे. एखाद्याने अवघड चेंडू टेबलाच्या कडेच्या खिशात घातला, तर समोरचा खेळाडू आपल्या क्यूची मूठ जमिनीवर आपटे. ठक, ठक. हरणाऱ्यानेच जिंकणाऱ्याला दिलेली ती दाद असे. रूडीसाठी जमीन वाजली की कोपऱ्यात उभ्या असलेल्या मलाही तो थरथराट तळाशी जाणवे.

रूडी मला नेहमी एकाच जागी धरत असे. त्याचा अंगठा एका गुलाबावर टेके. वर्षानुवर्षे टेकून टेकून त्या गुलाबाच्या पाकळ्या झिजल्या आणि शेवटी तिथे नुसता गुळगुळीत खळगा उरला.

रविवारी चर्च सुटल्यावर मला वाहून नेण्याचे काम त्याच्या मुलीचे असे. तिचे नाव फ्रॅनी. माझा पट्टा आखूड करून ती मला खांद्यावर अडकवी आणि वाटेत कुणालाही हात लावू देत नसे. पूलघराचा मालक तिला उभे राहायला दुधाचे रिकामे खोके देई. तिचा भाऊ लेन मात्र त्या वेळी बेसबॉलच्या मैदानावर असे. फलंदाजाच्या मागे बसून वेगाने आलेले चेंडू हातमोज्यात झेलणे हे त्याचे काम. रूडी आधी मुलीचा खेळ पाही आणि मग मुलाचा पाहायला जाई. त्याने दोघांत कधी डावेउजवे केले नाही.

पुढे कारखान्यातल्या भट्ट्या एकेक करून थंड झाल्या. रूडीचा हात कापू लागला. एके दिवशी त्याने क्यू स्वच्छ पुसली, माझ्यात ठेवली, झाकण लावले आणि मला तळघरात नेऊन घर गरम करणाऱ्या भट्टीशेजारी उभे केले. तिथल्या कोरड्या उष्णतेने माझे अंग सुकले, पट्ट्याला भेगा पडल्या, झाकणाजवळची शिवण उसवली. मी कुणाला दोष देत नाही. खेळणे थांबले की म्यानाची आठवण कुणाला येणार?

रूडी गेल्यावर घर रिकामे करायचे ठरले. फ्रॅनी तोवर डेन्व्हर शहरात राहत होती आणि तिथल्या बायकांच्या संघातून पूल खेळत होती. तिने आईला आपल्याकडे न्यायचे ठरवले. घरातल्या बाकी सगळ्या वस्तूंवर तिने पाणी सोडले. मी आणि माझ्यातली क्यू, एवढेच तिने मागितले. पण त्या दिवशी तिच्या गाडीत आई होती, आईचे शिवणयंत्र होते आणि आईच्या कुंड्या होत्या. म्हणून ती लेनला एवढेच म्हणाली, "म्यान आहे तसं राहू दे. हात लावू नकोस. खेळाचा हंगाम सुरू व्हायच्या आधी मी न्यायला येते."

लेन मनाने चांगला होता. मला पाहून त्याला वाईट वाटले. बहिणीच्या हातात असे फाटके, सुकलेले म्यान द्यायचे? तिने झाकण उघडावे आणि तिला बाबांचे चांगले दिवस आठवावेत, असे त्याच्या मनात आले.

आता मित्रांनो, त्या गावातल्या प्रत्येक मुलाला चामड्याची निगा राखायची एकच रीत ठाऊक असते. बेसबॉलचा नवा हातमोजा कडक असतो. त्याला तेल चोळायचे, उन्हात गरम होऊ द्यायचे, पुन्हा तेल चोळायचे, मुडपून मुडपून तो मऊ करायचा. मऊ मोज्यात चेंडू अलगद बसतो. लेनने लहानपणी आपला मोजा असाच तयार केला होता. त्याने क्यू काढून जपून बाजूला ठेवली आणि मला तेल लावले. मग गाडीच्या काचेमागे उन्हात ठेवले. संध्याकाळी पुन्हा तेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा.

खरे सांगतो, पहिला थेंब मला फार गोड लागला. मी इतका तहानलेला होतो की देतील तेवढे पीत गेलो. माझे अंग चमकू लागले आणि आतली हाडे विरघळू लागली.

"बघ," लेन बायकोला म्हणाला, "कसं लोण्यासारखं झालंय." मग त्याने क्यू परत माझ्यात ठेवली.

फ्रॅनी आली. ओसरीवर तिने मला एका टोकाला धरून उचलले आणि मी ओल्या पुठ्ठ्यासारखा मधून वाकलो. उसवलेले झाकण सरकले. आतला निमुळता शेंडा निसटला आणि सिमेंटच्या पायरीवर आपटला. त्याला उभी चीर गेली.

ती खाली वाकली. शेंडा उचलून तिने त्या चिरेवरून नख फिरवले.

"किती तेल घातलंस?"

"हातमोज्याला घालतो तेवढंच, फ्रॅनी."

"हा हातमोजा आहे का?" तिचा आवाज चढला नाही. "लेन, मी तुला एकच गोष्ट सांगितली होती."

तिने क्यूचे दोन्ही भाग स्वेटरमध्ये गुंडाळले आणि मला पायरीवरच ठेवून ती निघून गेली. त्यानंतर तिचा फोन आला नाही. लेनने केलेले फोन आईच उचलायची. दर नाताळात भाऊबहीण एका टेबलाशी बसून पोटिका, म्हणजे अक्रोडाचे सारण भरलेला गोड पाव, कापत. त्या वर्षी लेनच्या घरी पोटिका आणली गेली, पण ती कापायची कुणालाच इच्छा झाली नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाशी लेनने अंगणात जुन्या सामानाची विक्री मांडली आणि मलाही टेबलावर ठेवले. मी रोज डोळ्यांसमोर असणे त्याला सोसेना. लोक मला उचलत, मी लोंबकळे, ते हसत आणि खाली ठेवत. एका गृहस्थाला मासे धरायच्या गळाच्या काठीसाठी मी बरा वाटलो, तर त्याची बायको म्हणाली, "लोंबकळणारं एक आहे घरात. पुरे." आणि तिने त्याच्या पोटाकडे पाहिले.

मग एक बाई आली. तिने माझे झाकण उलटे केले, आतला रिकिबीचा छाप पाहिला आणि तिथेच थांबली. ती रोझेंडा आर्चुलेटा, सेलेडोनियोंची नात. दुकान आता तीच चालवत होती आणि जुनी खोगिरे शोधत अशा विक्रींना जात असे. तिने मला विकत घेतले. मग विचारले, "ह्याला तेल कोणी पाजलं?"

"मीच," लेन म्हणाला. आणि मग त्याने त्या अनोळखी बाईला सगळे सांगून टाकले. हातमोजा, पायरी, शेंडा, बहिणीचे न बोलणे. शेवटी त्याने विचारले, "हे दुरुस्त होईल?"

"होईल. पण आता ते तुमचं नाही."

लेनची मान खाली गेली. रोझेंडाने मला काखेत मारले आणि दोन पावले जाऊन ती वळली. "परत हवं असेल तर शनिवारी सकाळी दुकानात या. पैसे नकोत. बाह्या वर करून या."

तो आला. दोघांनी मिळून माझी शिवण उसवली. माझे तुकडे मक्याच्या बारीक पिठात पुरून ठेवले. पीठ तेल शोषून पिवळे पडे; ते झटकायचे आणि नव्या पिठात पुन्हा पुरायचे. सगळा उन्हाळा हेच चालले. लेन कंटाळला आणि अजून किती दिवस, असे विचारू लागला.

"तुम्ही पाजताना मोजलं होतं?" रोझेंडा म्हणाली. त्याने पुन्हा विचारले नाही.

मग माझ्यासाठी नवी हाडे केली. कडक चामड्याच्या दोन नळ्या, भिजवून दांड्यांवर आवळलेल्या. दांडे उचलून लेन सवयीने दाराबाहेरच्या उन्हाकडे निघाला, उंबऱ्याशी थबकला आणि स्वतःच मागे फिरून ते सावलीत टांगले. रोझेंडाने पाहिले आणि ती दोऱ्याला मेण लावत राहिली.

नळ्या माझ्या जुन्या कातडीत बसल्या. मग जुन्याच भोकांतून लेनने मला शिवले. नवे भोक पाडले असते तर म्हातारे चामडे तिथून फाटले असते. त्याची बोटे रक्ताळली. तेलाचा डाग मात्र राहिला. लेनला सगळे म्यान काळे रंगवायचे होते, म्हणजे डाग दिसला नसता.

"लपवायचा कोणापासून?" रोझेंडाने विचारले. "तिला तर माहीत आहे."

शेवटच्या दिवशी त्याने आणखी एक गोष्ट मागितली. झिजलेला तो एक गुलाब पुन्हा कोरता येईल का? रोझेंडाने नक्षीचे हत्यार त्याच्या हाती दिले आणि ती कॉफी आणायला आत गेली. लेन हत्यार धरून बसला. त्याने आपला अंगठा त्या खळग्यात ठेवून पाहिला. ती परत आली तेव्हा हत्यार टेबलावर होते आणि गुलाब झिजलेलाच होता.

दुसऱ्याच दिवशी दुपारी तो मला घेऊन डेन्व्हरला गेला. फ्रॅनी पूलघरात एकटीच सराव करत होती. तिने त्याला पाहिले, पण हातातला डाव संपवला. तो थांबला. मग त्याने मला टेबलाच्या कडेवर ठेवले.

तिने पेराने टकटक केले. एका टोकाला धरून मला आडवे उचलले. मी वाकलो नाही. मित्रांनो, मी आयुष्यात इतका ताठ कधी राहिलो नसेन. तिचे बोट डागावर फिरले.

"हे गेलं नाही."

"जाणारही नाही."

"शिवलं कोणी?"

"मी. मधे वाकडं झालंय."

"दिसतंय."

तिने क्यूची जाड मूठ आणून माझ्या रुंद नळीत सरकवली. ती नीट बसली. अरुंद नळी रिकामीच राहिली. दोघेही त्या रिकाम्या तोंडाकडे पाहत राहिले.

"शेंडा नवा लागेल," फ्रॅनी म्हणाली.

"मी उद्याच घेऊन येतो."

"तू नको आणूस." तिने झाकण लावले आणि माझा पट्टा त्याच्या खांद्यावर अडकवला. "आपण दोघं जाऊ."

आता माझ्या दोन्ही नळ्या भरलेल्या आहेत. डागही आहे. मुलांनो, तुमच्या घरातही एखादी थकलेली वस्तू असेल, किंवा एखादे थकलेले माणूस असेल. त्यांच्यासाठी काही करावेसे वाटणे ही फार चांगली गोष्ट आहे. लेनला तसे वाटले, म्हणून आजही मला त्याचा राग येत नाही. पण तुम्हांला जे जमते, ते लगेच त्यांच्यावर ओतू नका. आधी जवळ बसा, हात लावून पाहा, ज्याला त्यांची माहिती आहे त्याला विचारा. कुणाला मऊ व्हायचे असते आणि कुणाला ताठ राहायचे असते, हे कळायला थोडा वेळ लागतो. तेवढा वेळ द्या.